खानदानी ओलावा

गारगोटीत पुनर्वसूचा तरणा पाऊस सुरू झाला की काही घरांची मोठी पंचाईत होते. बाहेर पाऊस, आत पाऊस, आणि मधे दोरीवर वाकळ. तीन जुनी लुगडी, आजोबांचं एक धोतर आणि कुणाचा तरी शाळेचा सदरा एकत्र टाचून शिवलेली ही वाकळ कोरडी असताना एका हातानं उचलते. भिजली की दोन माणसं लागतात, आणि तिसरं दोरीचा खिळा धरायला. उन्हाळ्यात स्लॅबवर टाकली की जेवणवेळेपर्यंत कडकडीत. पण वेदगंगेला पाणी चढलंय, आठ दिवस सूर्याचा पत्ता नाही, अशा वेळी ती वाळवायची कुठं? तर सोप्यात. आणि पाहुणे बसतात ते नेमके सोप्यातच.

शेजारच्या काकू साखर मागायचं निमित्त काढून येतात.

"काय वैनी, आज पण वाकळ धुतलासा?"

"व्हय ओ. कौलातनं गळतंय."

"कौलं? तुमचा तर स्लॅब हाय न्हवं?"

"स्लॅबच गळतोय."

दोघी मान वर करून स्लॅबकडं बघतात. स्लॅब खडखडीत कोरडा. गळणारा स्लॅब दाराआड उभा राहून चहात बटर बुडवून खात असतो. वय वर्षं सहा.

1942 च्या डिसेंबरात ज्या गावच्या कचेरीवर क्रांतिकारक चालून गेले, त्या गावातली धडधाकट माणसं 'आज पण?' या दोन शब्दांना घाबरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पोरगं नापास झालं तर सांगतील, पोरानं दुसऱ्याचं डोकं फोडलं तर जरा कौतुकानंच सांगतील, पण पोरगं अंथरुणात शू करतं हे सख्ख्या भावाला कळू देणार नाहीत. पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे, त्यांच्या नावानं गारगोटीत विद्यापीठ आहे. पण तालुक्यातलं सगळ्यात कडक मौन या एका विषयावर पाळलं जातं. बरं, हे गाव अडाण्यांचं म्हणावं तर तसंही नाही. डॉ. जे. पी. नाईकांनी 1952 साली मौनी विद्यापीठ उभं केलं तेव्हापासून इथं शिक्षक घडतायत. गल्लीत दगड मारला तर तो मास्तरला नाही तर बाईंना लागतो, आणि दोघांनीही बालमानसशास्त्राचा पेपर दिलेला असतो. तो पेपर रात्री दोन वाजता, पाठीखाली गार लागल्यावर, कुणालाही आठवत नाही.

मौन असलं तरी सल्ले थांबत नाहीत. ते फक्त कुजबुजत येतात. काकूंना सगळं कळलेलं असतंच. साखर घेऊन उंबऱ्यापर्यंत जातात आणि परत वळतात. "काळं तीळ आन् गूळ द्या. आमच्या धाकट्याचं महिन्यात थांबलं." संध्याकाळी चुलतसासू फोनवर ओवा सांगते. माहेरहून निरोप येतो, दही-चिंच बंद करा. आदमापूरला अमावस्येला गेलेलं कुणी बाळूमामांचा भंडारा आणून कपाळाला लावतं; त्यानं पोराचं काही बिघडत नाही, उलट सगळे एकदम प्रेमानं वागतायत हे बघून ते जरा खुशीत येतं. आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई एवढंच विचारते, "इस्तवाशी खेळला हुता काय?"

या विस्तवाच्या प्रश्नाला मी पूर्वी हसत असे. विस्तवाशी खेळलं की रात्री अंथरूण ओलं होतं, ही आमच्या आज्यांची पक्की समजूत. चुलीपुढं बसून काटकी पेटवणाऱ्या प्रत्येक पोरानं ती धमकी ऐकलेली आहे. मग वाचनात आलं की व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड साहेबांनी 1905 साली छापलेल्या एका रुग्णकथेत अगदी हीच समजूत नोंदवलीय. आमच्या आजीनं फ्रॉइड वाचला असण्याची शक्यता कमी. फ्रॉइडही गारगोटीच्या बाजाराला आल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा एकच निष्कर्ष निघतो: चुलीपासून पोराला लांब ठेवायला जगभरच्या बायकांना हीच धमकी सोयीची वाटली असावी.

वडिलांचा इलाज वेगळा. सूर्य मावळला की पाणी बंद! मोठ्या आवाजात हुकूम सुटतो. इकडं रविवार असतो. पांढरा रस्सा झालेला असतो. "पी रं, ताकद येती," म्हणत तेच वडील पोराच्या वाटीत तिसऱ्यांदा रस्सा ओततात. वर तांबड्याचा ठसका. पोरगं हुऽऽ हुऽऽ करत पाणी मागतं, तर वडील म्हणतात, पाणी न्हाई म्हंजे न्हाई! रस्सा हा पातळ पदार्थ आहे ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यात आजवर कुणी मान्य केलेली नाही. पोरगं हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जातं आणि नळालाच तोंड लावतं.

मग रात्रीचा कार्यक्रम. झोपायच्या आधी वडील अकरा वाजता पोराला उचलून परसात नेतात. हे दृश्य जवळून बघण्यासारखं असतं. पोराचे पाय जमिनीला लागलेले, पण ते उभं आहे असं म्हणता येत नाही; मान वडिलांच्या पोटाला टेकलेली, डोळे मिटलेले, एक हात मागं लोंबकळतोय. वडील तोंडानं "शूऽऽऽ" असा आवाज काढतात. काही होत नाही. पुन्हा "शूऽऽऽ". पलीकडच्या गोठ्यात म्हैस उठून उभी राहते आणि तिचं काम उरकते. वडिलांना स्वतःलाच घाई लागते. अखेर गंगा वाहते ती वडिलांच्या डाव्या पावलावर. तरीही ते विजयी मुद्रेनं पोराला आत आणतात. आणि पहाटे चारला पुन्हा सगळं ओलं. कारण पोरगं जागं झालेलंच नसतं. झोपेतल्या पोराला उचलून नेलं तर त्या रात्रीची चादर कदाचित वाचते. पोराच्या मेंदूला त्यातनं काही शिकायला मिळत नाही. उठवायचंच तर पूर्ण जागं करून, त्याच्या पायानं चालत न्यायला पाहिजे. पण त्यात आधी वडिलांना पूर्ण जागं व्हावं लागतं.

पोराची बाजू कुणी विचारत नाही. त्याच्या हिशेबानं ते रोज रात्री शहाण्यासारखं उठतं, चालत जातं, मोरीचं दार उघडतं, सगळं रीतसर करतं. फक्त ती मोरी स्वप्नातली असते.

हा प्रश्न जुना किती? इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये यावर उपाय आहे. आपल्या शार्ङ्गधर संहितेत बालरोगांच्या यादीत 'शय्यामूत्र' आहे. इंग्लंडच्या टॉमस फेअर या वैद्यानं 1545 साली मुलांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात यावर एक वेगळं प्रकरणच आहे: कोंबड्याचा घसा जाळून त्याची पूड करा आणि दिवसातनं दोन-तीनदा द्या. आमच्याकडं हा उपाय चालणं अवघड, कारण कोंबड्याचा कुठलाच भाग पूड करण्याइतका वेळ शिल्लक राहत नाही. पण खरी कमाल कोरियाची. तिथं पूर्वी अंथरूण ओलं करणाऱ्या पोराच्या डोक्यावर सूप घालून त्याला शेजाऱ्यांकडं मीठ मागायला पाठवायचे. धान्य पाखडायचं सूप, आपल्यासारखंच. पोरगं दारात दिसलं की शेजारीण काय ते ओळखायची आणि त्याची खरडपट्टी काढायची. आमच्या काकूंना निदान साखरेचं निमित्त काढून स्वतः यावं लागतं. तिथं बातमीच चालत घरी येत होती.

आता गंमत अशी की यातला प्रत्येक उपाय लागू पडल्याचे साक्षीदार सापडतात. तीळगूळवाल्या काकू खोटं बोलत नाहीत. त्यांच्या धाकट्याचं खरंच थांबलं. पाच वर्षं पूर्ण झालेल्या शंभर पोरांतली पंधराएक पोरं रात्री अंथरूण ओलं करतात. आणि या ओल्या पोरांतली शंभरी पंधरा दर वर्षी काहीही न करता कोरडी होतात. त्या वर्षी घरात तीळ चालू असतील तर श्रेय तिळाला, ताईत असेल तर ताईताला, आणि नुसता मार चालू असेल तर दुर्दैवानं माराला. पहिलीच्या वर्गात तीस पोरं धरली तर त्यातली चारएक सकाळी तोंड लपवून उठलेली असणार. प्रत्येकाला वाटत असतं की जगात आपण एकटेच. त्यांच्या आयांनाही तसंच वाटत असतं, आणि त्या चौघी शाळेच्या फाटकात एकमेकींशी पावसाबद्दल बोलत उभ्या असतात.

शेवटी एखादं घर धीर करून डॉक्टरांकडं जातं. तिथं जे घडतं त्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला.

डॉक्टर पोराला तपासतात, पोट दाबून बघतात, आणि पोराला सोडून बापाकडं वळतात. "तुम्ही किती वर्षांपर्यंत करत होता?"

खोलीत शांतता. बापाला एकदम भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचावंसं वाटतं. "मी? छ्या छ्या. आमच्या घराण्यात असलं कधी न्हाई."

कोपऱ्यात स्टुलावर आजी बसलेली असते. नातवासोबत आलेली, इतका वेळ गप्प. ती पदर सावरते. "कधी न्हाई? आरं चौथीपतोर वाकळा धुतल्या की मी तुझ्या! मामाच्या लग्नात वऱ्हाडाची गादी कुणी भिजवली हुती? आन् तुझा बा? त्येची आई, माझी सासू, मरूस्तवर सांगायची, पोरगं मिसरूड फुटूस्तवर—"

"आई!"

पोराचा चेहरा त्या क्षणी बघावा. ज्या माणसानं सकाळी 'आमच्या घरात हे पहिलं निपजलं' म्हणून कान पिळला होता, त्या माणसाकडं ते वर मान करून, हळूहळू, पोटभर बघतं. औषधाची चिठ्ठी अजून लिहायची असते. पण निम्मा आजार तिथंच उतरलेला असतो.

डॉक्टरांनी हा प्रश्न उगाच विचारलेला नसतो. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर पोराला होण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या वर जाते. दोघांना असेल तर सत्तरच्या वर. आपल्याकडं नाक आजोबांवर गेलं, चाल थोरल्या चुलत्यावर गेली, हट्ट आत्यावर गेला, असे हिशेब बारशापासून मांडतात. गणितात पैकीच्या पैकी मिळाले तर ते वडिलांच्याकडून आलेले असतात. वाकळ तेवढी पोराची स्वतःची कमाई! सात-बारा काढताना जसे पणजोबापर्यंत फेरफार बघतात, तसे इथंही बघावेत अशी माझी नम्र सूचना आहे. बहुतेक घरांत आजी हाच तलाठी असतो, आणि ती फक्त कुणी विचारायची वाट बघत असते.

मुळात घडतं काय? मोठ्या माणसाच्या मेंदूतून रात्री व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं, त्यामुळं मूत्रपिंडं रात्री लघवी कमी बनवतात. काही पोरांत ही व्यवस्था उशिरा बसते. शेतीपंपाच्या लाईटीचं वेळापत्रक आमच्याकडं ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: दिवसा ठणठणाट, आणि माणूस झोपला की थ्री फेज सुरू. फरक इतकाच की शेतकरी बॅटरी घेऊन उठतो, पोरगं उठत नाही. मूत्राशय भरल्याची वर्दी वर जाते, पण वर गाढ झोप. त्यातून मूत्राशय केवढं? पोराच्या वयात एक मिळवून तीसनं गुणायचं, तितके मिलिलिटर, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब. सहा वर्षांच्या पोराचं 210 मिली. रश्श्याच्या वाट्या यात किती बसतात ते प्रत्येकानं आपापल्या घरी मोजावं.

दुसरा एक गुन्हेगार असतो, त्याचं नाव ऐकून बापलोक चमकतात. बद्धकोष्ठ. डॉक्टर विचारतात, "पोट रोज साफ होतं का?" आई म्हणते, "होत असंल की, आता त्यो एकटाच जातोय." होत नसतं. पोरगं शाळेत पाणी पीत नाही, कारण पाणी प्यालं की जावं लागतं, आणि शाळेच्या संडासाला त्याचा तात्त्विक विरोध असतो. दिवसभर दोन्ही दाबून ठेवायचं आणि चारला दप्तर टाकलं की तांब्याच्या तांब्या घशाखाली ओतायचं. भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयाला दाबतं, आणि संध्याकाळी प्यालेलं पाणी रात्री हिशेब मागतं. म्हणून डॉक्टर आधी पोट साफ करतात, मग पाण्याचं बघतात. पाणी तोडायचं नाही, फक्त अलीकडं सरकवायचं: सकाळी आणि दुपारी भरपूर, संध्याकाळी बेताचं. झोपताना एकदा जाऊन यायचं. आणि संध्याकाळचा चहा बंद. या शेवटच्या सूचनेला आमच्या भागात सगळ्यात जास्त विरोध होतो, कारण पोराला चहा दिला नाही तर बटर बुडवायचं कशात?

यानंही भागलं नाही तर घंटी आहे. 1904 साली माइनहार्ड फॉन फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञानं दवाखान्यात एक विजेचं यंत्र बसवलं: दुपटं ओलं झालं की घंटी वाजायची आणि नर्सला कळायचं. उद्देश नर्सची सोय एवढाच. पण काही दिवसांनी लक्षात आलं की पोरं अंथरूण ओलं करायचीच थांबायला लागलीत. 1938 मध्ये अमेरिकेतल्या माउरर नवरा-बायकोनं त्याची रीतसर उपचारपद्धत केली. आज तेच तंत्र चड्डीला लावायच्या छोट्या यंत्रात मिळतं, दोन-तीन महिने नेटानं वापरलं तर तीनातली दोन पोरं कोरडी होतात. यात एक अडचण सांगितली पाहिजे. पहिले काही दिवस घंटीनं आजोबा उठतात, आजी उठते, गल्लीतली कुत्री उठतात, आणि पोरगं तेवढं झोपून राहतं. ते सगळ्यांचंच होतं. अशा वेळी आई-वडिलांनी उठून पोराला जागं करायचं असतं. एकत्र कुटुंबात ही घंटी वापरायची असेल तर भावकीची आधी बैठक घ्यावी हे बरं.

डेस्मोप्रेसिन नावाची गोळी असते, ती त्या रात्रीपुरती लघवी कमी करते. डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची, आणि ती घेतल्यावर सकाळपर्यंत पाणी पिणं जवळजवळ बंदच ठेवायचं. नाही तर रक्तातलं मीठ घसरून प्रकरण अंगाशी येतं. गोळी थांबली की बऱ्याचदा ओलही परत येते. लग्नकार्य, गावाला जाणं, अशा वेळेपुरती मात्र ती उपयोगी.

आणि छडी? तिचाही जगानं प्रयोग केलाय. आमच्या गावात मौनी विद्यापीठ सुरू झालं त्याच 1952 साली अमेरिकेतल्या एका नियतकालिकात जॉर्ज ऑरवेलचा एक निबंध त्याच्या मृत्यूनंतर छापून आला. आपल्या बिहारात मोतीहारीला जन्मलेला हा माणूस आठव्या वर्षी इंग्लंडच्या निवासी शाळेत गेला आणि अंथरूण ओलं करायला लागला. घर सुटलं होतं, दुसरं काय होणार? मुख्याध्यापकांनी छडीनं झोडला. बाहेर येऊन पोरांना म्हणाला, लागलं नाही. ते आत ऐकू गेलं. पुन्हा बोलावून छडी मोडेपर्यंत मारला. चाळिशी उलटल्यावर, जगभर नाव झाल्यावरही त्या माणसाला ती छडी लिहून काढावी लागली. मारानं अंथरूण वाळतं की नाही यावर वाद घाला. माझ्या लेखी तो वाद घालायच्याच लायकीचा नाही. झोपेत झालेल्या गोष्टीची शिक्षा जागेपणी देणं म्हणजे नुसता स्वतःचा राग काढणं.

थोडं गंभीर बोलून घेतो, कारण विनोदी लेख वाचून कुणी खरा आजार अंगावर काढू नये. पाच वर्षांच्या आतल्या पोराला यासाठी औषध लागत नाही. पण सहा महिने कोरडं राहिलेलं पोरगं अचानक पुन्हा सुरू झालं, फार तहान लागून ते वाळायला लागलं, लघवीला जळजळ आहे, दिवसाही चड्डी ओली होते, किंवा झोपेत मोठ्यानं घोरतं, तर काकूंच्या तिळाची वाट न बघता डॉक्टर गाठा. साखर तपासून घ्या. घरात नवं बाळ आलंय, बदली झालीय, नवरा-बायकोची जुंपलेली असते, हेही डॉक्टरांना सांगा. पोरगं तोंडानं सांगत नाही ते कधी कधी असं सांगतं.

डिसेंबरात शाळांच्या मुक्कामी सहली निघतात. गणपतीपुळे, रायगड, जिथं मास्तरांना वाटेल तिथं. वर्गात दोन-तीन पोरांची पोटं नेमकी त्याच आठवड्यात दुखायला लागतात. आई म्हणते, बरंच झालं, पैसे वाचले. त्या दुखण्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तर पालकहो, बाईंना किंवा सरांना एकदा बाजूला घेऊन सांगा. त्यांनीही असल्या दहा वाकळा बघितलेल्या असतात, एखादी स्वतःचीही. पोराच्या पिशवीत एक जादा चड्डी, एक जादा पँट आणि रबरी चादर टाका, रात्रीचा चहा पिऊ नको म्हणून सांगा, लागलं तर डॉक्टरांना विचारून दोन दिवसांपुरती गोळी घ्या. आणि सहलीचे पैसे भरा. शेवटची तारीख सहसा वाढवून मिळत नाही.